उखळ, मुसळ आणि भोवरा

पिस्टन म्हणजे मुसळ. हा शब्द इटालियन भाषेतून आला, आणि त्याच्या मुळाशी कुटणे या अर्थाचं क्रियापद आहे. सिलिंडर हे उखळ, त्यात खाली-वर होणारा पिस्टन हे मुसळ. आपल्याकडे पंपाच्या पिस्टनला दट्ट्या म्हणतात, तोही चांगलाच शब्द आहे. पण उखळ-मुसळ म्हटलं की विमानाचं पहिलं इंजिन एकदम डोळ्यांपुढे उभं राहतं. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं ते १२ सेकंद आणि १२० फूट. त्याला चार सिलिंडरचं, साधारण १२ अश्वशक्तीचं इंजिन होतं. राइटांच्या सायकलच्या दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने ते सहा आठवड्यांत घडवलं होतं. चार उखळं, चार मुसळं, आणि त्यांच्या कांडण्यावर फिरणारे दोन पंखे.

विमानाच्या अवयवांची नावं अशीच घर-अंगणातली आहेत, फक्त ती फ्रेंचांच्या घर-अंगणातली आहेत. सुरुवातीच्या काळात उडण्याचं वेड फ्रान्समध्ये फार होतं, त्यामुळे नावं ठेवण्याचा मान त्यांच्याकडे गेला. फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, हा शब्द सूत कातण्याच्या चातीवरून आला, कारण धड चातीसारखं मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं. इंजिन ज्या आवरणात बसतं ते नासेल म्हणजे लहानशी होडी. एलरॉन म्हणजे छोटा पंख. हँगर ही गाड्या आणि अवजारं ठेवायची छपरी. कॉकपिट मात्र इंग्रजांचा: कोंबड्यांची झुंज लावायचा खड्डा. तो आधी जहाजावर गेला आणि तिथून विमानात चढला.

हेलिकॉप्टर हा शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. १८६१ साली गुस्ताव्ह पाँतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने तो दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला. हेलिक्स म्हणजे पीळ, मळसूत्र. आणि प्तेरॉन म्हणजे पंख. म्हणजे शब्द फोडायचा तर ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा. लोकांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा चुकीच्या जागी तोडला, आणि त्यातून हेलिपॅड निघालं. आता त्या प्तेरॉनचं कूळ पाहा. संस्कृतात पत् म्हणजे उडणे, पडणे, आणि पत्र म्हणजे पंख. ग्रीक प्तेरॉन आणि आपलं पत्र ही एकाच मुळाची भावंडं आहेत. पतंगही त्याच पत् धातूचा मानला जातो. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला जे विमान उतरवलं, त्याचं नाव होतं पस मॉथ. मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. ते बनवणाऱ्या जेफ्री डी हॅविलंड यांना कीटकांचा नाद होता, म्हणून त्यांच्या विमानांना पतंगांची नावं मिळाली. जुहूच्या धावपट्टीवर त्या दिवशी पतंगच उतरला.

आणि खुद्द ‘विमान’? त्यात उडणं नाहीच. मूळ धातू मा, म्हणजे मापणे. वैदिक भाषेत विमान शब्दाला अवकाश मापण्याचा, व्यापून जाण्याचा अर्थ आहे. पुढे तो आखून-मापून बांधलेल्या प्रासादाला लागला, देवांच्या रथाला लागला, पुष्पकाला लागला. दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या शिखराला आजही विमान म्हणतात. तंजावरच्या बृहदीश्वराचं विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. जैन परंपरेत वैमानिक ही देवांची एक जात आहे. आपण तो शब्द पायलटला दिला. तुकोबांना न्यायला आलेलं विमान मराठी माणसाने चित्रात कैक वेळा पाहिलं होतं, त्यामुळे खरं यंत्र आलं तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. पण शब्द जुना आहे म्हणून यंत्रही जुनं ठरत नाही. देवांच्या वाहनाचं नाव आपण माणसांच्या वाहनाला दिलं, आणि ते शोभलं, एवढंच खरं आहे.

मुसळाचं राज्य जेटने संपवलं. जेट हा शब्द फेकणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचा. पुढून हवा ओढायची, दाबायची, इंधन जाळून तापवायची आणि मागे फेकायची. फेकलेल्या हवेच्या उलट दिशेने विमान पुढे जातं. फ्रँक व्हिटल या ब्रिटिश हवाईदलातल्या तरुणाने जानेवारी १९३० मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. प्रत्यक्षात आधी उडालं ते जर्मनांचं हाइन्केल १७८, हान्स फॉन ओहाइनच्या इंजिनावर, २७ ऑगस्ट १९३९ रोजी.

या इंजिनाच्या पोटात फिरते ती टर्बाइन. क्लोद ब्यूर्दँ या फ्रेंच अभियंत्याने १८२२ साली पाणचक्कीसाठी हा शब्द घडवला, लॅटिन ‘टर्बो’वरून. टर्बो म्हणजे भोवरा, वावटळ. हे एक कळलं की पुढची अवघड वाटणारी नावं सरळ होतात. टर्बोजेटमध्ये गरम वायू भोवरा फिरवून मागे झेपावतो, आणि तो झोतच विमान ढकलतो. टर्बोप्रॉपमध्ये भोवऱ्याची बहुतेक ताकद बाहेरचा पंखा फिरवण्यात खर्च होते. टर्बोफॅनमध्ये पुढे मोठा पंखा असतो. त्याने ओढलेली बरीच हवा जळणाऱ्या गाभ्यात न जाता त्याच्या कडेने मागे जाते. आजच्या मोठ्या प्रवासी विमानांत गाभ्यातल्या हवेच्या आठ-दहा पट हवा अशी बाहेरून वाहते. इंधन वाचतं, कानठळ्या कमी बसतात. बोइंग ७७७ च्या जीई ९० इंजिनाचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा असतो.

हा बदल महाराष्ट्रानेही पाहिला. नाशिकजवळच्या ओझरला आधी मिग-२१ तयार झाली, ती टर्बोजेटवर उडणारी. नंतर सुखोई-३० आली, ती टर्बोफॅनवर. मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच. मधला ‘इ’ हा रशियन भाषेतला ‘आणि’.

मराठी विश्वकोशाने जेटला ‘झोत’ म्हटलं. दिव्याचा, वाऱ्याचा, पाण्याचा झोत आपण रोज बोलतो, त्यामुळे हा शब्द मला जेटपेक्षा सरस वाटतो, आणि तो आपण पाठ्यपुस्तकाबाहेर वापरला नाही याची खंत आहे. टर्बाइन, टर्बोफॅन खुशाल म्हणा. ते आता आपलेच आहेत. पण घरातल्या मुलाने विमानाचं इंजिन कसं चालतं असं विचारलं, तर आधी त्याच्या हातात भोवरा द्या.