जालना मुलखातील मुखरोग आणि त्यांची चिकित्सा

अकबराचा वजीर अबुल फजल दक्षिणेच्या मोहिमेवर असताना काही काळ जालन्यास राहिला होता, असे जुने गॅझेटियरकार सांगतात, आणि जालनेकरांना आजही त्याचा थोडाबहुत अभिमान वाटतो. तथापि या मुलखाच्या आरोग्याच्या दृष्टीने पाहता, त्या विद्वान वजिरापेक्षा त्याच्या पदरी सतरा वर्षे चाकरी केलेल्या असद बेग नावाच्या कारकुनी पेशाच्या माणसाची स्मृती अधिक बोधप्रद आहे. धन्याचा १६०२ मध्ये वध झाल्यानंतर बादशहाने या असद बेगास विजापूरच्या वकिलातीवर धाडले, आणि तेथून परतताना इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी आग्र्यास नेली. दरबारी हकिमाने या अपरिचित वनस्पतीविषयी प्रतिकूल मत दिले, बादशहाने कुतूहलापुरते दोन-चार झुरके घेऊन ती बाजूस सारली. परंतु उमरावांना तिची गोडी लागली ती लागलीच. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूबंदीचे फर्मान काढले. त्या फर्मानाची गत काय झाली असेल, हे २०१२ च्या महाराष्ट्रातील गुटखाबंदीनंतरही कोपऱ्यावरच्या टपरीत काय मिळते हे ज्याने पाहिले आहे, त्यास सांगण्याची आवश्यकता नाही.

दक्षिणेत पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेली ही तंबाखू उत्तरेत हुक्क्यात गेली, आमच्याकडे मात्र ती मुख्यतः गालात गेली. भोकरदन, अंबड, परतूर या तालुक्यांच्या आठवडी बाजारांत चंची सोडून, तळहातावर चुन्याबरोबर तंबाखू मळून ती पाहुण्यापुढे करणे हा आतिथ्याचा भाग समजला गेला. पुरुषांची ही तऱ्हा, तर स्त्रियांनी तंबाखू भाजून तिची मशेरी केली आणि दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून दोन-तीन वेळा ती हिरड्यांस चोळली. व्यसन म्हणून जिची कोणी निर्भर्त्सना करीत नाही, उलट स्वच्छतेचा आचार म्हणून जी सासूकडून सुनेकडे जाते, तिचा बंदोबस्त करणे कोणत्याही सरकारास कठीणच. चुना मिसळलेला तो गोळा ज्या ठिकाणी तासन्‌तास दाबून धरावा, नेमक्या त्याच ठिकाणी, म्हणजे गालाच्या आतील बाजूस आणि खालच्या हिरडीच्या बगलेत, आमच्याकडचा मुखकर्क बहुधा उद्भवतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा प्रारंभापासून वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी हे साहचर्य शास्त्रीय पद्धतीने मांडले, आणि लोकांच्या सवयी व त्यांचे कर्करोग यांचा शोध एकत्रच घ्यावा लागतो, हा विचार या देशात रुजविला.

तोंडाच्या व्रणांची ओळख या भूमीस नवी नव्हती. सुश्रुताने मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली आहे: ओठांचे आठ, दंतमूलांचे पंधरा, दातांचे आठ, जिभेचे पाच, तालूचे नऊ, कंठाचे सतरा आणि संपूर्ण मुखास व्यापणारे तीन. तालूच्या रोगांत त्याने अर्बुदही, म्हणजे गाठही, मोजले आहे. आणि संपूर्ण तोंड आतून सोलवटणारा जो मुखपाक, त्यास कवल, गंडूष व प्रतिसारण, म्हणजे गुळण्या, औषधी द्रव तोंडात धरून ठेवणे आणि लेप चोळणे, हे उपचार विहित केले आहेत. यांतील बरेचसे ज्ञान वैद्यांच्या पोथ्यांतून घराघरांत उतरले होते. जाईचा पाला चावावा, तोंडलीचा पाला चघळावा, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरावी, टाकणखाराची लाही मधातून लावावी, काही नसेल तर साजूक तूप बोटाने फिरवावे, हे ज्या घरात कोणास ठाऊक नाही असे घर जुन्या पिढीत विरळाच होते. निजामी अंमलात शहरातील यूनानी हकिमांचाही या बाबतीत लौकिक असे. उष्णतेने किंवा अपचनाने आलेले तोंड या उपायांनी शमत असे. न शमणारे तोंड वेगळेच काही असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येई तेव्हा वेळ निघून गेलेली असे.

अशा रोग्याने जावे तरी कोठे? जालना हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे सरकारदरबारच्या कामाप्रमाणे मोठ्या दुखण्याचाही ओढा स्वाभाविकच हैदराबादेकडे असे. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज लोहमार्ग जालन्यावरून गेला, आणि त्याच्या एका टोकास हैदराबाद तर दुसऱ्या टोकास मनमाड आले. मनमाडला गाडी बदलली की मुंबई. परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेव्हा ते या मुलखाच्या दृष्टीने परराज्यात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले. परंतु कर्करोग म्हटला की परळचीच वाट, हा क्रम त्यानंतर कित्येक दशके चालला. मनमाडचा तो गाडीबदल विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत, लोहमार्ग रुंद होईतो, टळला नाही. २०१२ मध्ये औरंगाबादेस आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, तेव्हा कोठे जालन्याच्या रोग्यास साठ-पासष्ट किलोमीटरांवर किरणोपचार मिळू लागले.

अंतराचा हा हिशेब मी मुद्दाम विस्ताराने मांडला, कारण किरणोपचार ही एका दिवसाची शस्त्रक्रिया नव्हे. आठवड्यातील पाच दिवस, असे सहा-सात आठवडे ते चालतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रोगी अर्ध्या वाटेवर असताना, त्याचे तोंड येते. हे तोंड येणे म्हणजे घरगुती मुखपाक नव्हे: गाल, जीभ व घसा यांचे आवरण सोलून निघते, पाणी गिळणेदेखील असह्य होते, वजन घटते, काहींना नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते. गावाहून आलेला, धर्मशाळेत उतरलेला, शेत दुसऱ्याच्या हवाली करून आलेला माणूस या टप्प्यावर गाशा गुंडाळून परत जाण्याची भाषा करू लागतो. आणि उपचारात खंड पडला की अर्बुदास पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. रोगाने नव्हे तर औषधाने केलेला हा व्रण दीर्घकाळ अपरिहार्य मोबदला मानला गेला. वैद्यकाच्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

या व्रणाचे कारण मात्र पुष्कळ आधी उमगले होते. बेर्गोनिए व त्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०६ मध्येच असा सिद्धांत मांडला की, ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांच्यावर किरणांचा आघात अधिक होतो. तोंडाचे आवरण एक-दोन आठवड्यांत नवे होत असते. त्याच्या तळाशी असलेल्या मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडविणाऱ्या पेशी, मेल्या की वरचा थर झिजत जातो आणि खालून भरती येत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील स्टीफन सोनिस यांनी या चित्रात भर घातली: दुखापतीचा आरंभ आवरणाखालच्या ऊतींत होतो, आणि पाच अवस्थांच्या क्रमात चौथ्या अवस्थेला वर व्रण दिसतो.

मग मेलेल्या मूलपेशींची उणीव बाहेरून पेशी देऊन भरून काढता येईल काय? मूलपेशींनी उपचार करण्याची कल्पना प्रथम हाडांतील मज्जेच्या वाटेने आली. ई. डोनल थॉमस यांनी अमेरिकेत १९५० च्या दशकापासून मज्जारोपणाचे प्रयोग केले व त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. गंमत अशी की, या रोपणापूर्वी द्यावी लागणारी तीव्र औषधेच तोंडाची सर्वाधिक दुर्दशा करतात. म्हणून २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅलिफर्मिन हे आवरणपेशींची वाढ करणारे प्रथिन मज्जारोपणाच्या रोग्यांसाठीच प्रथम योजले गेले. त्याची किंमत अशी की सामान्य रुग्णाने त्याचे नाव ऐकून ठेवावे एवढेच.

मज्जेतच आणखी एका जातीच्या मूलपेशी असतात. त्या रक्त बनवीत नाहीत, पण हाड, कूर्चा व मेद बनवू शकतात. रशियन शास्त्रज्ञ फ्रिडेनश्टाइन यांनी त्या ओळखल्या. या पेशी दुखावलेल्या ठिकाणी दाह शमविणारी द्रव्ये सोडतात असे दिसल्यावर, किरणांनी जिभेस व्रण पडलेल्या उंदरांना त्या देऊन पाहण्यात आल्या. काही प्रयोगांत व्रण कमी झाले व लवकर भरले. मात्र पेशी किरणांच्या क्रमात नेमक्या कोणत्या वेळी दिल्या, यावर गुणाचे प्रमाण अवलंबून राहिले. मनुष्याच्या बाबतीत जवळचा दाखला लाळग्रंथींचा: डेन्मार्कमध्ये किरणोपचारानंतर तोंड कोरडे पडलेल्या तीस रोग्यांच्या चाचणीत, मेदातून काढलेल्या अशा पेशी ग्रंथीत टोचल्यावर लाळ वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सर्व रोगी कर्करोगातून बरे झालेले होते, हे येथे लक्षात ठेवावे. कारण ज्या पेशी ऊतींस नवी उभारी देतात, त्या शिल्लक अर्बुदासही हातभार लावतील की काय, ही शंका अद्याप निवारलेली नाही.

तूर्त उपचारगृहांत जे चालते ते साधे आहे: मीठ व खाण्याच्या सोड्याच्या गुळण्या, काही औषधांच्या वेळी तोंडात बर्फाचे तुकडे, जेथे यंत्र आहे तेथे मंद लेसर, आणि वेदनाशामके. सुश्रुताच्या गंडूषाशी या गुळण्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण गुळण्या सर्व जगात करतात. जालन्यास २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तेव्हा निदान व्रणांची शुश्रूषा आणि नळीने अन्न देण्याची तजवीज घराजवळ होण्यास हरकत नसावी. मूलपेशींचे म्हणाल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य रोगांतील मज्जारोपणावाचून अन्य कोणताही मूलपेशी-उपचार संमत चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीतील रोग्याकडून त्याचे मूल्यही घेता येत नाही. तेव्हा तोंडाच्या व्रणांवर मूलपेशी देण्यासाठी कोणी लाखाचा आकडा सांगू लागला, तर जमिनीचा सौदा करण्यापूर्वी त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा.