फिरंग

फिरंग : युरोपीय बनावटीचे लांब, सरळ पाते एतद्देशीय मुठीत बसवून सिद्ध केलेली तलवार (→ तलवार, खांडा).

उगम : सोळाव्या शतकापासून झोलिंगेन व पासाउ या जर्मन पोलादकेंद्रांतील, तसेच इटली व स्पेनमधील पाती सागरी व्यापाराद्वारे पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरत आणि तेथून दख्खनच्या सिलेखान्यांत दाखल होत.

वैशिष्ट्ये : पाते एकधारी वा दुधारी असून त्यावर लांबट पन्हळी असतात, मूठ बहुधा खांड्याची, परज रुंद, आणि दुसऱ्या हातालाही पकड मिळावी म्हणून मुठीच्या टोकास गज असतो. पात्याच्या बुडाशी पोलादी पट्ट्या खिळ्यांनी जखडलेल्या असतात. अशीच पाती कट्यारी व पट्टे यांतही योजली जात (→ कट्यार, दांडपट्टा).

अभ्यास : पात्यांवरील धावत्या लांडग्याची मुद्रा पासाउ व झोलिंगेन या दोन्ही ठिकाणी प्रचलित होती आणि तिच्या नकलाही होत, म्हणून केवळ मुद्रेवरून मूलस्थान निश्चित न करता पाते व मूठ यांचा काळ स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

महत्त्व : ज्या दख्खनी लष्करी परंपरेत हे शस्त्र रुळले, तिच्या इतिहासात बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला व राक्षसभुवनचा संग्राम (१० ऑगस्ट १७६३) यांना स्थान आहे (→ बीड जिल्हा). जुन्या शस्त्रांचे संग्रह पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात व मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. शंभर वर्षांहून जुनी अशी शस्त्रे १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाच्या कक्षेत येतात. त्यांची निर्यात खाजगी व्यक्तीस करता येत नाही.