यंत्राची मैफल

संगीत ऐकावयाचे असते की पाहावयाचे, असे कोणी विचारले तर आपण सहज म्हणू, ऐकावयाचे! परंतु मैफलीत बसलेला रसिक सतारियाच्या बोटांवरून दृष्टी काढीत नाही. समेवर त्याची मान डोलते ती कानांइतकीच डोळ्यांच्याही साक्षीने. विजेतून निर्माण होणाऱ्या संगीतापुढे विसाव्या शतकात जी अडचण उभी राहिली ती नेमकी येथेच. नाद आला, पण तो काढणारा हात दिसेनासा झाला.

आरंभी मात्र तसे नव्हते. १९२०च्या सुमारास लेव्ह थेरेमिन या रशियन शास्त्रज्ञाने एक विलक्षण वाद्य सिद्ध केले. वादक त्याला स्पर्शही करीत नाही. एका हाताच्या हालचालीने स्वर चढतो-उतरतो, तर दुसऱ्याच्या हालचालीने नाद लहानमोठा होतो. मूळच्या व्हायोलिनवादक क्लारा रॉकमोर यांनी या वाद्यावर असामान्य प्रभुत्व मिळविले. वाद्य विजेचे असले तरी साधना माणसाचीच होती.

हा संबंध तुटला तो ध्वनिमुद्रणामुळे. पॅरिसच्या नभोवाणीतील अभियंते पिएर शेफर यांनी आगगाडीच्या इंजिनाचे आवाज मुद्रित करून, त्यांची जोडणी करून रचना केल्या आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी त्या प्रक्षेपित झाल्या. घरी बसलेल्या श्रोत्याला त्यात वादकाची उणीव भासण्याचे कारण नव्हते, कारण नभोवाणीवर गायकही अदृश्यच असतो. परंतु १९५० मध्ये हेच संगीत पॅरिसच्या सभागृहात आले, तेव्हा श्रोत्यांसमोर वादक नव्हते, ध्वनिवर्धक होते. पुढच्याच वर्षी एक युक्ती निघाली. रंगमंचावरील माणूस मोठाल्या कड्यांमधून हात फिरवून नाद सभागृहात इकडून तिकडे नेऊ लागला. स्वर पूर्वमुद्रित, त्याची दिशा मात्र त्या क्षणीची!

हा वाद केवळ सौंदर्यशास्त्राचा नव्हता, पोटाचाही होता. बोलपट आले आणि मूकपटांना साथ करणारे हजारो वादक बेकार झाले. अमेरिकेतील वादकसंघाने १९४२ मध्ये ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार घातला. चाळीस वर्षांनी, १९८२ मध्ये, ब्रिटिश वादकसंघाच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव केला. यंत्रे त्यामुळे थांबली नाहीत. पण ज्याचा रोजगार जातो त्याच्या भयाला अडाणीपणा म्हणणे हे न्यायाचे नव्हे.

उलटपक्षी, जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या मंडळींनी ही अडचणच आपला विषय केली. १९७८च्या त्यांच्या यंत्रमानवांवरील गीताच्या वेळी पुढे रंगमंचावर प्रत्यक्ष यांत्रिक पुतळे उभे राहू लागले. तरीही श्रोते लोटतच राहिले.

आपल्याकडेही अशी शंका एका वाद्याच्या वाट्याला आली होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले. मींड तिच्यातून निघत नाही, तिचे स्वर आधीच ठरलेले, हा आक्षेप होता. १९७१ पासून हा निर्बंध सैल होत गेला. दरम्यान मैफलींत मात्र पेटी अखंड वाजत होती, कारण गायकाच्या मनातील पुढची जागा ओळखणारा वादक तिच्यामागे बसलेला होता.

मला वाटते, कसोटी इथेच सापडते. तार आतड्याची की तांब्याची, हा प्रश्न गौण आहे. सादरीकरणाच्या क्षणासाठी कलावंताने किती निर्णय राखून ठेवले, हे पाहावयास हवे. जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन यांच्या १९६४च्या एका रचनेत दोघे वादक प्रचंड घंटा वाजवितात, दोघे ध्वनिग्राहक तिच्याजवळ फिरवितात आणि दोघे त्या नादाचे रूप पालटतात. सहाही जण वादकच! याउलट, हाती सतार असूनही पाठ केलेलेच वाजविणारा यंत्राहून फार दूर नाही. चुकण्याचा धोका आणि श्रोत्याच्या एका 'वाहवा'ने बदलण्याची मुभा जिथे आहे, तिथे मैफल आहे. मग नाद लाकडातून येवो वा विजेतून.