भिंत आणि तिच्या आंतील जीव

बाटलीचें बूच ही कांहीं गंभीर विचारास चालना देणारी वस्तु आहे असें कोणास वाटणार नाहीं. तथापि सजीवांच्या शरीररचनेचें जें शास्त्र आज शाळेंतील मुलेंही शिकतात, त्याचा आरंभ बुचाच्या एका कापापासून झाला. लंडनच्या रॉयल सोसायटींत प्रयोग करून दाखविण्याचें काम रॉबर्ट हूक याजकडे होतें. त्यानें धारदार चाकूनें बुचाचा अत्यंत पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां त्यास मधाच्या पोळ्यासारखीं लहान लहान घरें दिसलीं. १६६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत त्यानें त्यांची गणतीही दिली आहे : एका इंचाच्या लांबींत हजाराहून अधिक आणि एका घन इंचांत १२० कोटींहून अधिक! या घरांना त्यानें ‘सेल’, म्हणजे खोली, असें नांव दिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. बूच हें झाडाच्या सालीचें मृत अंग होय. त्यांतील खोल्या रिकाम्या होत्या. आंत राहणारा केव्हांच निघून गेला होता. हिरव्या वनस्पतींतील खोल्या रसानें भरलेल्या असतात हें हूकनेंही पाहिलें होतें. पण नांव पडलें तें भिंतींवरून, आणि नांवाचा पगडा मोठा असतो. पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ बहुतेक अभ्यासकांची दृष्टि भिंतींवरच राहिली. वनस्पतींत भिंती स्पष्ट दिसत. प्राण्यांच्या मांसांत किंवा मज्जातंतूंत तशा दिसत नसत. अर्थात् झाडांची घडण निराळी व प्राण्यांची निराळी, असा समज होणें साहजिक होतें.

ही कोंडी फुटली ती आंतील एका ठिपक्यामुळें. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें ऑर्किडच्या पेशींतील एका गोल, किंचित् अपारदर्शक बिंदूकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. तोच आजचा केंद्रक. पुढें बर्लिन येथें मॅथियास श्लायडेन यानें या बिंदूचा पाठपुरावा केला. हा गृहस्थ मूळचा वकील. तो धंदा न साधल्यामुळें वनस्पतिशास्त्राकडे वळलेला. एके दिवशीं भोजनाच्या वेळीं त्यानें केंद्रकाचें महत्त्व आपला मित्र थिओडोर श्वान यास सांगितलें. श्वान प्राण्यांच्या शरीराचा अभ्यासक. पाठीच्या कण्याच्या जागीं आरंभीं जो मऊ दंड असतो, त्याच्या पेशींत असेंच कांहीं पाहिल्याचें त्यास तत्काळ स्मरलें. श्लायडेनचा निबंध १८३८ मध्यें व श्वानचा ग्रंथ १८३९ मध्यें प्रसिद्ध झाला. आणि झाड असो वा प्राणी, दोघेही पेशींचेच बनले आहेत, हा सिद्धान्त जगापुढें आला.

परंतु त्यांत एक मोठा दोष राहून गेला. नवी पेशी उत्पन्न होते कशी? साखरेच्या पाकांत खडे जमतात त्याप्रमाणें एखाद्या द्रवांत ती आपोआप जमते, असें या दोघांचें मत होतें. हें मत खरें मानिलें तर निर्जीव द्रवांतून जीव क्षणोक्षणीं निपजतो असें म्हणावें लागेल, आणि शरीरांतील गांठ ही शरीराच्याच पेशींपासून वाढते कीं बाहेर झिरपलेल्या द्रवांतून बनते, हा वैद्यांचा प्रश्नही अनिर्णीतच राहील.

या मतास ज्यानें चिकाटीनें विरोध केला, त्या रॉबर्ट रेमाकचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या रक्तपेशी एकीच्या दोन होतांना त्यानें पाहिल्या, बेडकाच्या अंड्याचें विभाजन तपासलें, आणि प्राण्यांतील प्रत्येक पेशी आधींच्या पेशीच्या विभागणीनेंच होते असें १८५२ सालीं जाहीर केलें. रेमाक ज्यू होता. प्रशियांत त्या काळीं ज्यूंना विद्यापीठांत शिकविण्याची बंदी असल्यामुळें १८४७ सालीं त्यास राजाच्या खास परवानगीनें व्याख्याता होतां आलें. पूर्ण प्राध्यापकाचें पद मात्र १८६५ मध्यें मृत्यु येईपर्यंत लाभलें नाहीं. १८५५ सालीं रुडॉल्फ विर्चो यानें ‘पेशी पेशीपासूनच’ अशा अर्थाचें लॅटिन सूत्र मांडलें आणि १८५८ च्या आपल्या ग्रंथांत रोगांची उपपत्ति त्याच पायावर उभारली. त्याची कामगिरी थोर खरी. पण सूत्र लोकांच्या मुखीं राहिलें आणि आधीं पाहणारा मागें पडला.

भिंतीचा मोह सुटण्यास १८६१ साल उजाडावें लागलें. केंद्रकयुक्त जीवद्रव्याचा गोळा म्हणजे पेशी, तिला भिंत असलीच पाहिजे असें नाहीं, असें मॅक्स शुल्ट्स यानें सांगितलें. आज या भेदाचा अर्थ आपणांस नीट कळतो. वनस्पतीच्या पेशीभोंवतीं सेल्युलोजची ताठ भिंत असते, पोटांत पाण्याची मोठी रिक्तिका असते. म्हणून हाडांवांचूनही रोपटें उभें राहतें. हिरव्या भागांत हरितलवक असल्यामुळें तें सूर्यप्रकाशावर आपलें अन्न तयार करतें. प्राण्याच्या पेशीला केवळ पातळ आवरण. ती अन्न बनवूं शकत नाहीं. पण भिंत नसल्यामुळेंच स्नायूची पेशी आकुंचन पावते आणि रक्तांतील पांढरी पेशी सरपटत जाऊन जंतूस गिळते. केंद्रक आणि अन्नांतील शक्ति मोकळी करणाऱ्या तंतुकणिका मात्र दोघींतही सारख्याच आढळतात.

युरोपांतील भाषांतून ‘खोली’ हेंच नांव अजून चालू आहे. आपला ‘पेशी’ हा शब्द निराळ्या कुळांतला. संस्कृतांत त्याचा अर्थ मांसाचा गोळा. महाभारतांत गांधारीच्या उदरांतून निघालेल्या गोळ्यास मांसपेशीच म्हटलें आहे. प्राचीनांस हें शास्त्र अवगत होतें असा याचा अर्थ नव्हे. परंतु हूकनें भिंतीला दिलेल्या नांवापेक्षां तो शब्द रेमाकनें पाहिलेल्या वस्तूच्या अधिक जवळ आहे. आपल्या देहांतील प्रत्येक पेशी ही कोणत्या तरी आधींच्या पेशीची लेक आहे, आणि ही वंशावळ पहिल्या जीवापासून आजपर्यंत एकदांही खंडित झालेली नाहीं.