मोहल्ला समिती

मोहल्ला समिती ही वस्तीपातळीवर विविध धर्मांचे नागरिक आणि पोलीस यांना नियमितपणे एकत्र आणणारी महाराष्ट्रातील व्यवस्था आहे. दंगल उसळल्यावर तातडीने भरणाऱ्या शांतता समितीहून ती भिन्न आहे; शांततेच्या काळातच परस्परविश्वास निर्माण करणे हा तिचा हेतू असतो.

उगम

यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीत १९७० व १९८४ साली मोठ्या जातीय दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांवर भर होता. किरकोळ भांडणे धार्मिक वळण घेण्यापूर्वीच या बैठकांत मिटवली जात. पोलीस चौकीची पायरी चढण्याची भीती त्यामुळे कमी झाली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. भिवंडी मात्र शांत राहिली. हा अनुभव खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात मांडला.

मुंबईतील विस्तार

१९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत अशीच चळवळ सुरू झाली. १९९८ मध्ये सादर झालेल्या न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाने काही पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर बोट ठेवले. त्यामुळे दुरावलेल्या समाजाशी पुन्हा संवाद साधणे हे या चळवळीपुढील मुख्य आव्हान ठरले.

मर्यादा

समित्यांना वैधानिक अधिकार नसल्याने त्यांचे यश अधिकाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहते आणि त्याच्या बदलीनंतर काम मंदावू शकते. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच नियोजित पोलीस ठाण्याच्या जागेवरून हिंसाचार झाला. त्यात दोन पोलीस मारले गेले आणि गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. पोलीस तक्रार प्राधिकरण हा त्यांतील एक होता. संवाद आणि उत्तरदायित्व या पोलीस सुधारणेच्या परस्परपूरक बाजू असून एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

अकोला

वऱ्हाडातील अकोला शहरात मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून जुने शहर भागात दंगल होऊन एकाचा मृत्यू झाला. त्या काळातील एका हल्ल्याच्या तपासासाठी हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचे विशेष पथक नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. राज्य शासनाने पुनर्विलोकन मागितल्यावर नोव्हेंबरमध्ये खंडपीठातील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. गणवेश चढवल्यावर अधिकाऱ्याचा धर्म गौण ठरतो, हे तत्त्व सर्वमान्य आहे. पीडितालाही तशी खात्री वाटावी यासाठी काय करावे, हा या वादाचा गाभा होता. मोहल्ला समितीची कल्पनाही याच प्रश्नातून जन्मली होती.