पिशवी वाहणारा विजेता

२०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन माने गोल्फ खेळत होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतली, म्हणून साठ जणांच्या यादीत त्याला ऐनवेळी जागा मिळाली. वणीत बसून मी मोबाइलवर त्याचे आकडे पाहत होतो. तो ५६वा आला आणि बातमी संपली. माझे कुतूहल मात्र मैदानाच्या नावाशी अडकले : कासुमिगासेकी.

हा क्लब १९२९ सालचा. इंग्रज रचनाकार चार्ल्स ॲलिसन याने तिथे वाळूचे असे खोल खड्डे आखून दिले, की जपानमध्ये अशा खड्ड्यांना त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ऑक्टोबर १९५७मध्ये याच मैदानावर कॅनडा चषक झाला. प्रत्येक देशाचे दोन खेळाडू, आणि फटके ज्याचे कमी तो विजेता. अमेरिकेकडून सॅम स्नीड आणि जिमी डिमॅरेट आले होते. यजमान जोडीकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. ती जोडी होती तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो यांची.

नाकामुराने चार दिवसांत २७४ फटक्यांत खेळ पुरा केला. स्नीड, गॅरी प्लेअर आणि डेव्ह थॉमस हे तिघेही २८१वर, म्हणजे सात फटके मागे राहिले. सांघिक चषकही जपानने ५५७ विरुद्ध ५६६ असा जिंकला. होलभोवतीच्या ग्रीनवर कोराई नावाचे राठ गवत होते. पाहुण्यांना ते नवखे होते, नाकामुराच्या हाताला सवयीचे. हा विजय जपानी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला आणि श्रीमंतांच्या या खेळाची लाट देशभर पसरली.

हा नाकामुरा कोण? १९१५ साली योकोहामात जन्मलेला, आणि होडोगाया क्लबात कॅडी म्हणून लागलेला मुलगा. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहणारा. दुसऱ्यांचे फटके पाहत तो शिकला. ऐन उमेदीची वर्षे युद्धात गेली. त्या काळात जपानमधली कित्येक मैदाने शेतीखाली आली. तरी १९५२, १९५६ आणि १९५८ साली त्याने जपान ओपन जिंकली. २००८ साली, नव्वदी ओलांडून, तो वारला.

आपल्याकडचा हिशेब याच्याशेजारी ठेवून पाहावा. इंडियन ओपन १९६४ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती बिलू सेठी यांनी जिंकली. ते हौशी खेळाडू होते. १९६७ आणि १९६८मध्ये ती जपानच्या केन्जी होसोइशीने नेली. पहिला भारतीय व्यावसायिक विजेता उजाडायला १९९१ साल लागले. तो अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेला. पिशवी वाहणाऱ्याच्या हातात चषक यायला आपल्याला नाकामुरानंतर चौतीस वर्षे लागली. गुण कमी होते असे मला वाटत नाही. पिशवी खाली ठेवून स्वतः खेळायची मुभा किती जणांना होती, हा खरा प्रश्न आहे.

मी गोल्फ कधी खेळलो नाही. माझे वडील इथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहत; गाठीवर मार्का कारखान्याचा असे. त्यामुळे जुन्या क्लबांचे इतिहास चाळताना मी अध्यक्षांची यादी भराभर उलटतो आणि कॅडींची नावे शोधतो. ती क्वचितच सापडतात. नाकामुराचे सापडले, कारण तो जिंकला.