वाड्याचा इतिहास : संशोधनपद्धती

जुन्या वाड्याचा बांधकामकाळ, मालकी आणि त्यात वेळोवेळी झालेले फेरबदल यांचा कागदपत्रांच्या व प्रत्यक्ष वास्तूच्या आधारे घेतलेला शोध. पुण्यासारख्या शहरात हा शोध नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेपासून, म्हणजे भूखंडाचे क्षेत्र, धारक व हस्तांतरणे नोंदविणाऱ्या उताऱ्यापासून सुरू करणे सोयीचे असते. तेथून खरेदीखते, वाटणीपत्रे आणि सनदा यांच्या आधारे मागे जाता येते. पेशवेकालीन कागद मोडी लिपीत असून त्यांचा मोठा साठा पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. त्यांतील शकवर्षात ७८ मिळविल्यास इसवी सन साधारणपणे मिळतो. कागदावर सुहूर सन ही दुसरी कालगणना असल्यास मात्र ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि येथे गफलत झाली तर वास्तूचा काळ शतकांनी चुकतो.

कागदाइतकीच वास्तूही बोलकी असते. घडीव दगडाचे जोते, सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब, महिरपी आणि दारावरील गणेशपट्टी पेशवाई शैली दाखवितात; तथापि पाडलेल्या वाड्यांचे लाकूड पुन्हा वापरण्याची रीत असल्याने केवळ खांबावरून काळ ठरविणे धोक्याचे आहे. खांबावर वापरात नसलेली कुसाची भोके दिसल्यास तो दुसरीकडून आणल्याची शंका घ्यावी. मंगळुरी कौलांचे कारखानी उत्पादन १८६५ मध्ये सुरू झाल्यामुळे अशी कौले असलेले छप्पर त्यानंतरचे ठरते, भिंती कितीही जुन्या असोत. काही वाडे मात्र आज उरलेलेच नाहीत; उदाहरणार्थ, पुण्याचा बुधवार वाडा १८७९ च्या आगीत नष्ट झाला. अशा वास्तूंचा शोध पूर्णतः कागद, नकाशे व जुन्या छायाचित्रांवरच अवलंबून राहतो.